टॅपेटचा आवाज बंद झाला, मग इंजिनही

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी मांडलेला विषय. ज्यांना त्या दिवशी येता आलं नाही त्यांच्यासाठी आणि ज्या गटांकडे डिझेल इंजिन आहे त्या सगळ्यांसाठी.)



विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘इंजिन देखभाल’ लिहिलंय. ते वाचून दोघी-तिघी हसल्या, मी पाहिलं. हसायला हरकत नाही. मी एमएसडब्ल्यू केलंय. कॉलेजात आम्हाला गटबांधणी शिकवली, समुपदेशन शिकवलं, अहवाल कसा लिहायचा ते शिकवलं. पण ज्या गटाचा अख्खा व्यवसाय एका इंजिनवर उभा आहे, ते इंजिन बंद पडलं तर काय करायचं, हे कुठल्याच पेपरला नव्हतं. ते मी गिरणीत उभं राहून शिकले, आणि आधी एक चूक करून शिकले. ती चूक आधी सांगते.

आपल्या एका गटाची पिठाची गिरणी आहे, शेजारी मिरची-मसाल्याचं कांडप. लाईटचा भरवसा नाही म्हणून बँकेच्या कर्जातून त्यांनी एका सिलिंडरचं डिझेल इंजिन घेतलं. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी होळीच्या सुमाराला इंजिनमधून टिक-टिक-टिक असा आवाज यायला लागला. आठवड्यागणिक तो वाढत गेला. तालुक्याहून मेकॅनिक बोलावला. त्यांनी वरचं झाकण काढलं, दोन पाने फिरवले, अर्ध्या तासात झाकण लावलं. आवाज बंद! सगळ्या खूश. मी माझ्या भेट अहवालात लिहिलं, ‘इंजिन दुरुस्त करून घेतले.’

गटात एक आजी आहेत. त्या वर्षभर गिरणीच्या दारात बसून दळणाचे डबे मोजत होत्या. त्या म्हणाल्या, “इंजिन मुकं झालंय गं. मला बरं वाटत नाही.” आम्ही कुणीच लक्ष दिलं नाही. मीही नाही.

दीड महिन्यानं सकाळी इंजिन चालू व्हायला त्रास द्यायला लागलं. गंमत म्हणजे हँडल मारायला सोपं झालं होतं. आधी दोघींचा जोर लागायचा, आता एकटीनं फिरवलं तरी फिरायचं. आम्हाला वाटलं, चांगलंच झालं की! ते चांगलं नव्हतं. आत हवा दाबून धरलीच जात नव्हती, म्हणून ते हलकं झालं होतं. मग धूर वाढला, डिझेल जास्त लागायला लागलं, आणि ऐन वैशाखात, गिऱ्हाईकांच्या मिरच्या पोत्यांत पडून असताना, इंजिन बंद पडलं ते पडलंच. हेड उतरवलं तेव्हा एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह बाहेर आला. त्याची कड एका बाजूनं उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारखी जळून गेली होती. अठरा दिवस गिरणी बंद. त्या महिन्याचा बँकेचा हप्ता बचतीतून गेला. शेजारच्या गावच्या गिरणीकडे वळलेली गिऱ्हाइकं सगळी परत आली नाहीत, ती वेगळीच.

त्या मेकॅनिकला मी दोष देत नाही, किंवा सगळा दोष देत नाही म्हणू. आम्ही त्यांना आवाज बंद करा म्हटलं, त्यांनी आवाज बंद केला. आवाज का येतोय, हे आम्ही विचारलं नाही.

आता आत काय चालतं ते बघू. घाबरू नका, यात काही अवघड नाही.

इंजिनच्या डोक्यात दोन व्हॉल्व्ह असतात. आपले मेकॅनिक त्यांना ‘वॉल’ म्हणतात. हवेच्या फिल्टरकडचा तो इनलेट, त्यातून हवा आत येते. सायलेन्सरकडचा तो एक्झॉस्ट, त्यातून धूर बाहेर जातो. दिसायला हे कुत्र्याच्या छत्रीसारखे असतात: लांब दांडा आणि खाली गोल चपटं डोकं. ते डोकं हेडमधल्या गोल बैठकीवर, म्हणजे सीटवर, घट्ट बसतं तेव्हा दार बंद. स्प्रिंग त्याला बंदच ठेवायला बघते. उघडायचं काम खालून होतं. खाली कॅम नावाचा फिरणारा दांडा असतो, त्याला उंचवटा असतो. उंचवटा वर आला की त्याच्यावर बसलेला टॅपेट वर जातो, टॅपेट पुशरॉडला वर ढकलतो, पुशरॉड रॉकरचं एक टोक उचलतो. रॉकर म्हणजे शाळेच्या मैदानातला सी-सॉच. एक टोक वर गेलं की दुसरं खाली येतं आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावर दाबतं. दार उघडलं.

खरं तर टॅपेट म्हणजे खालचा, कॅमवर बसणारा तुकडा. पण आपल्याकडे वरच्या स्क्रूलाही टॅपेट म्हणतात, आवाजालाही टॅपेट म्हणतात, आणि ते काम करायचं तर ‘टॅपेट सेट केलं’ म्हणतात. मीही आज तसंच म्हणणार आहे.

या सगळ्या साखळीत एका जागी मुद्दाम फट ठेवलेली असते, रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्याच्या मध्ये. का? बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव कशी चढवतो ते तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिलंय. लोखंडी धाव तापवली की ती फुगते, मोठी होते, चाकावर बसते. पाणी ओतलं की आवळते. इंजिनातलं लोखंडही तसंच. व्हॉल्व्हचा दांडा तापला की लांब होतो. फटच ठेवली नाही, तर लांब झालेला दांडा रॉकरला जाऊन टेकतो आणि दार पूर्ण मिटत नाही. भर लोडवर बाहेर जाणारा धूर ४०० अंशांच्या वर तापलेला असतो. दार किंचित किलकिलं राहिलं तरी स्फोटाच्या वेळचा जाळ त्या फटीतून जोरानं निसटतो. दुसरं असं की व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटला टेकतो तेव्हाच सोडतो. टेकलाच नाही तर तो थंड कधी होणार? म्हणून कड जळते.

म्हणजे बघा, फट जास्त झाली तर आवाज येतो. रॉकर व्हॉल्व्हवर दाबण्याऐवजी हातोडीसारखा आपटतो, दार उशिरा उघडतं, कमी उघडतं, लवकर मिटतं, ताकद थोडी घटते. नुकसान होतं, पण हळूहळू होतं आणि ओरडून होतं. फट कमी झाली तर आवाज येतच नाही, आणि व्हॉल्व्ह जळतो. आजी ‘मुकं’ म्हणाल्या ते म्हणूनच बरोबर होतं. व्यवस्थित लावलेलं टॅपेटही हलकी टिकटिक करतंच. अगदीच चिडीचूप झालेल्या टॅपेटची मला आता भीती वाटते.

हे मला कुणी समजावलं ते सांगते. हेड उतरवलं त्या दिवशी गटातल्या एका काकूंची सून दारात उभी होती. मी तिला गिरणीत चहा आणताना पाहायची, एवढीच ओळख. मेकॅनिक बाहेर फोनवर होते तेव्हा ती हळूच मला म्हणाली, “मॅडम, नुसता व्हॉल्व्ह बदलून भागणार नाही, रॉकरला खड्डा पडलाय.” मी म्हटलं, तुला कसं माहीत? ती आयटीआयची डिझेल मेकॅनिक ट्रेड पास निघाली! लग्नानंतर प्रमाणपत्र ट्रंकेत आणि ती शिलाई मशीनवर. वर्षभर गट तालुक्याहून मेकॅनिक बोलावत होता, आणि मेकॅनिकला चहा देणारीच मेकॅनिक होती. मी गटाचं सर्वेक्षण केलं होतं. त्यात ‘कौशल्य’ या रकान्यात तिच्या नावापुढे मीच ‘शिवणकाम’ लिहिलं होतं.

आता जे सांगते ते सगळं तिनं शिकवलेलं. आज ती इथे बसली आहे. मी चुकले तर ती टोकेल.

पहिलं म्हणजे इंजिन थंड पाहिजे. रात्रभर बंद असलेलं इंजिन सकाळी, दळण सुरू व्हायच्या आधी. पट्टा उतरवायचा, डिझेलचा कॉक बंद करायचा आणि बंद करायचा लिव्हर ओढून सुतळीनं बांधून टाकायचा. नुसता कॉक बंद करून चालत नाही, पंपात डिझेल उरलेलं असतं, आणि चाक फिरवताना इंजिनानं उचल खाल्ली तर हात जातो. हँडल शाफ्टवर अडकवून ठेवायचं नाही. पदर खोचायचा, ओढणी काढून ठेवायची, बांगड्या वर सारायच्या, केस बांधायचे. हे मी दरवेळी सांगते आणि दरवेळी कुणीतरी एकजण पदर तसाच ठेवून वाकते. चालू इंजिनाचं टॅपेट कधीही सेट करायचं नाही, कुणी कितीही हुशार मेकॅनिक करून दाखवत असला तरी.

झाकण काढायच्या आधी वरची सगळी धूळ पुसून घ्या. आपल्या गिरणीत ती धूळ म्हणजे पीठच. ते पीठ तेलात पडलं की चिखल होतो. त्या इंजिनात नेमकं हेच झालं होतं. रॉकरला तेल पोचवणारं बारीक भोक त्या चिखलानं बुजलं होतं आणि रॉकर कित्येक महिने कोरडाच घासत होता. तारेनं भोक मोकळं केलं तेव्हा काळी, चिकट गोळी बाहेर आली. आजाराचं मूळ तिथे होतं, आवाज हे नुसतं लक्षण. झाकण उघडल्यावर पहिली नजर तेलावर गेली पाहिजे. सगळं तेलानं ओलं, चकचकीत दिसतंय का? की एखादा भाग सुका, तपकिरी पडलाय?

मग झीज बघायची. झीज होतेच, त्यात कुणाचा दोष नाही. मिनिटाला १५०० फेरे फिरणाऱ्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांना एकदा उघडतो, म्हणजे मिनिटाला ७५० वेळा, तासाला ४५,००० वेळा. दिवसाला चार तास गिरणी चालली तर १ लाख ८० हजार वेळा तो रॉकर त्या दांड्यावर टेकतो. आपण जात्याला टाकी लावून घेतो ना? तसंच आहे.

रॉकरच्या टोकाचा जो भाग व्हॉल्व्हवर टेकतो तिथे नख फिरवा. गुळगुळीत, चमकदार पट्टा असेल तर ठीक. नख अडलं, वाटीसारखा खोलगटपणा लागला, तर तो झिजलाय. रॉकर धरून वर-खाली हलवून बघा. आपल्या दांड्यावर तो थोडा आडवा सरकला तर चालतं, पण वर-खाली खुळखुळला तर आतला बुश गेला. पुशरॉड बाहेर काढली तर काचेवर किंवा सपाट फरशीवर लाटण्यासारखी लोळवून बघायची. सरळ असेल तर गुळगुळीत लोळते, वाकडी असेल तर मधे उजेड दिसतो आणि ती लंगडत जाते. तिच्या वरच्या वाटीत स्क्रूचं गोल टोक बसतं, ती वाटी फुटली किंवा एका बाजूला खाल्ली गेली असेल तेही बघा. व्हॉल्व्हच्या दांड्याचं डोकं ठोकून ठोकून पहारीच्या माथ्यासारखं पसरलं असेल तर तो दांडा पुढे नीट सरकणार नाही. स्प्रिंग तुटलेली किंवा कललेली नाही ना, एवढं नजरेनंच कळतं. पुशरॉड काढल्या तर कुठली कुठल्या बाजूची, वरचं टोक कुठलं, हे खडूनं लिहून ठेवा. जिथली तिथेच गेली पाहिजे, कारण दोन भाग एकमेकांना घासून एकमेकांच्या सवयीचे झालेले असतात. (सासू-सुनांचं उदाहरण द्यायचा मोह होतोय, पण नको.)

आता मोजायचं. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सावकाश सांगते.

दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेले असतील तेव्हाच फट मोजायची. पिस्टन वर आला की चाकावरची खूण समोर येते. पण ही खूण दोन फेऱ्यांत दोनदा येते! एकदा दोन्ही दारं मिटलेली असतात, आणि एकदा एक्झॉस्ट मिटत आणि इनलेट उघडत असतो, म्हणजे दोन्ही थोडी थोडी उघडी. या दुसऱ्या वेळी मोजलं तर सगळंच चुकतं. म्हणून चाक ज्या दिशेनं इंजिन फिरतं त्याच दिशेनं हातानं हळू फिरवायचं आणि डोळे इनलेटच्या रॉकरवर ठेवायचे. इनलेट खाली गेला, परत वर आला, मिटला, आता पुढे फिरवून खूण समोर आली की थांबायचं. खात्री कशी करायची? दोन्ही पुशरॉड चिमटीत धरून गोल फिरवून बघा. दोन्ही सहज फिरल्या तर जागा बरोबर. एक जरी आवळलेली लागली तर अजून एक पूर्ण फेरा द्या.

आणि एक गोष्ट मी स्वतः विसरले होते, म्हणून सांगते. चाक हलकं फिरावं म्हणून आपण डिकॉम्प्रेशनचा लिव्हर वर करतो. तो लिव्हर एक व्हॉल्व्ह दाबून उघडा धरतो. मोजायच्या आधी तो खाली केला नाही तर त्या बाजूचं माप खोटं येतं. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा फट इतकी मोठी आली की मी घाबरून फोनच लावला. तिकडून तिनं एवढंच विचारलं, “लिव्हर?”

मोजायला फिलर गेज लागतो. चाकूसारखी उघडणारी पातळ पोलादी पानं असतात, प्रत्येकावर जाडी कोरलेली. त्या गटाच्या इंजिनच्या पुस्तकात थंड इंजिनाला ०.२० मि.मी. फट लिहिली आहे. तुमच्या इंजिनची वेगळी असेल. काही इंजिनांत इनलेटची आणि एक्झॉस्टची फटही वेगवेगळी असते. पुस्तक किंवा इंजिनवरची पट्टी बघा, शेजारच्या गटाचा आकडा उचलू नका. ०.२० म्हणजे वहीची दोन-तीन पानं एकावर एक ठेवली तर होते तेवढी जाडी. काहीजण फिलर गेजऐवजी लोखंड कापायच्या करवतीचं पातं घालून बघतात. ते पातं ०.६ मि.मी.हून जाड असतं, म्हणजे आपल्याला हवी त्याच्या तिप्पट फट! आणि काहीजण नुसतं हातानं, अंदाजानं. आमचा व्हॉल्व्ह त्या अंदाजानंच जळला.

आधी फट आहे तशी मोजा आणि लिहा. पाना लावायच्या आधी. हे मी पुन्हा सांगते: आधी लिहा. मग रिंग पान्यानं चेकनट सैल करायचा, पेचकसानं स्क्रू धरायचा, ०.२० चं पान फटीत ठेवून स्क्रू हळूहळू आवळायचा. पासबुकात ठेवलेली नोट, वरून बोटानं हलकं दाबून ओढली तर कशी किंचित अडत येते? पान तेवढंच अडलं पाहिजे. मग पेचकस जागचा न हलवता चेकनट आवळायचा. नट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून परत मोजायचं. ०.२० चं पान जावं आणि ०.२५ चं जाऊ नये. शेवटी चाक दोन पूर्ण फेरे फिरवून त्याच जागी आणायचं आणि तिसऱ्यांदा मोजायचं. पहिल्या वेळी आम्हाला दोन टॅपेटला दीड तास लागला. आता वीस मिनिटं लागतात.

झिजलेल्या रॉकरचं काय? त्याला वाटी पडली असेल तर फिलर गेज फसवतो. सरळ पान वाटीच्या दोन्ही काठांवर टेकतं, खालचा खोलगटपणा त्याला कळतच नाही. पान सांगतं ०.२०, पण खरी फट असते ०.२० अधिक खड्डा. आवाज येतच राहतो. मग कंटाळून कुणीतरी आवाज थांबेपर्यंत स्क्रू आवळतो, आणि इंजिन तापलं की फट उरत नाही. त्या होळीला आमच्याकडे हेच घडलं होतं. म्हणून बरोबर सेट केल्यावरही टिकटिक मोठी येत असेल तर स्क्रूला हात लावू नका, रॉकरचं तोंड बघा. खड्डा अगदी उथळ असेल तर मेकॅनिक गोलाई सांभाळून दगडावर घासून देतात. खोल असेल तर नवा घ्या. वरचा कडक थर निघून गेलेला रॉकर घासून टिकत नाही.

आता वहीबद्दल. आपण सगळ्याजणी हिशेबाच्या बाबतीत पक्क्या आहोत. कुणी दहा रुपये कमी भरले तरी पुढच्या सभेत नाव निघतं. इंजिनचं मात्र काहीच लिहिलेलं नसतं. त्या गटानं आता एक वही केली आहे: तारीख, मागच्या वेळेपासून किती तास चाललं, इनलेटची सापडलेली फट, एक्झॉस्टची सापडलेली फट, किती ठेवली, शेरा. बस. तास मोजायला मीटर नाही, गिरणी कधी सुरू आणि कधी बंद ते आजी रोज भिंतीवर खडूनं लिहितात.

या वहीचा उपयोग असा. फट वाढत जात असेल तर वरची साखळी झिजतेय: रॉकर, बुश, पुशरॉडची वाटी, नाहीतर खालचा टॅपेट आणि कॅम. फट कमी होत जात असेल तर उलटं. झीज खाली आहे. व्हॉल्व्ह आणि सीट एकमेकांना खात आहेत, व्हॉल्व्ह खोल रुततोय, म्हणून त्याचा दांडा वर येतोय. नुसता आजचा आकडा हे सांगत नाही. मागचे दोन-तीन आकडे शेजारी असले तरच दिसतं.

यंदाच्या जानेवारीत त्या वहीत एक्झॉस्टची फट ०.१५ सापडली. परत ०.२० केली. पाच आठवड्यांनी ०.१०. आवाज अजिबात नव्हता, इंजिन मस्त चालत होतं, डिझेलही वाढलं नव्हतं. आमच्या अध्यक्षकाकू म्हणाल्या, “चालतंय तर कशाला उघडायचं? सीझन तोंडावर आलाय.” त्यांचं म्हणणं समजण्यासारखं होतं. हप्त्याच्या वेळी बँकेच्या दारात उभं राहावं लागतं ते त्यांना. खूप चर्चा झाली. शेवटी सून म्हणाली, “सीझनच्या आधी दोन दिवस बंद ठेवायचं, की सीझनमध्ये अठरा?” मग ठरलं.

हेड उतरवायचं काम आम्ही स्वतः केलं नाही, आणि तुम्हीही करू नका असंच सांगेन. व्हॉल्व्ह घासून बसवणं, सीट कापणं, गाईड बदलणं, हेडचे नट ठरलेल्या क्रमानं आणि ठरलेल्या जोरानं आवळणं, हे तालुक्याच्या वर्कशॉपचं काम. पण हेड देताना आता सोबत दोघी जातात. वही घेऊन. व्हॉल्व्ह घासून बसवल्यावर पोर्टमध्ये थोडं रॉकेल किंवा डिझेल ओतून झिरपतंय का ते त्यांच्या डोळ्यांसमोर दाखवायला सांगतात. काढलेले जुने पार्ट पिशवीत परत मागतात. पक्कं बिल घेतात. त्या वर्कशॉपमधल्या मेकॅनिकनं कड पाहिली. थोडी खाल्ली होती, जळली नव्हती. नुसतं घासून भागलं, नवा व्हॉल्व्ह लागला नाही. त्यांनी विचारलं, चालू इंजिन तुम्ही का उतरवलंत? सुनेनं वही पुढे केली. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “हा आकडा कुणी काढला?” ती म्हणाली, “मी.” त्यांनी तिला सीट कापायचं अवजार हातात देऊन दाखवलं. एवढंच झालं, पण त्या दिवशी परत येताना जीपमध्ये ती सारखी बोलत होती, आणि ती तशी कमी बोलते.

एक लक्षात ठेवा, व्हॉल्व्ह घासला किंवा हेडचे नट पुन्हा आवळले की फट बदलतेच. हेड बसवल्यावर टॅपेट सेट करा आणि थोडे तास चालवून इंजिन थंड झाल्यावर परत मोजा. वर्कशॉपवाले ‘सेट करून दिलंय’ म्हणतील. म्हणू द्या. मोजा.

काही गावांत मला अजून ऐकायला मिळतं की बायकांचा हात लागला की मशीन बिघडतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घेत नव्हते. पुढे त्याच किर्लोस्करांच्या घराण्यानं १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनची कंपनी काढली. त्यामुळे असं बोलणाऱ्यांशी मी वाद घालत बसत नाही. वही दाखवते.

आता कामाचं. आपल्या प्रभागसंघात ज्या गटांकडे इंजिन आहे, त्या प्रत्येक गटानं दोघींची नावं मला या महिन्यात द्यायची. एकीचं नाही, दोघींचं. एकीला बाळंतपण येतं, माहेर येतं, मजुरी येते. सून प्रत्येक गटाच्या गिरणीवर येऊन एक सकाळ शिकवेल, तिचं मानधन ठरावात घेतलं आहे, ते चहावर भागवायचं नाही. आपल्या इंजिनचं पुस्तक शोधून ठेवा. हरवलं असेल तर इंजिनवरच्या पट्टीचा फोटो मला पाठवा. फिलर गेज आणि रिंग पान्याचा सेट प्रभागसंघाच्या कपाटात आहे. सही करून न्यायचा, पानं पुसून, तेलाचा हात लावून परत करायचा. त्यातलं ०.२० चं पान मागच्या महिन्यात कुणीतरी डब्याचं झाकण उघडायला वापरून वाकवलंय. ते वापरू नका, नवीन मागवलं आहे, गुरुवारी येईल.